मेथॉडिस्ट पंथ आणि त्याचे बिनदीक्षेचे उपदेशक

ईश्वराविषयीं चारचौघांत बोलण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न आमच्या देशास नवा नाहीं. मुदखेडच्या परिसरांत राहणारांस तर त्याचें उत्तर शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. गोदावरीच्या कांठानें वर गेल्यास गंगाखेड लागतें. तेथील जनाबाई परघरीं दळणकांडण करून राहिली. त्याच मुलखांत नरसी हें गांव आहे; तें ज्याचें जन्मस्थान मानितात तो नामदेव शिंप्याच्या कुळांतला. या दोघांस कोणत्याही पाठशाळेनें अधिकारपत्र दिलें नव्हतें. तथापि शतकानुशतकें महाराष्ट्र त्यांचें ऐकत आला आहे. इंग्लंडांत हाच प्रश्न अठराव्या शतकांत उभा राहिला, आणि त्याचें उत्तर देतां देतां मेथॉडिस्ट पंथ जन्मास आला. ही कथा वाचकांस प्रथमदर्शनीं परक्या मुलखाची वाटेल. परंतु मुदखेडहून उमरी, धर्माबाद व बासर ओलांडून जाणारा लोहमार्ग निजामाबादेच्या पुढें डिचपल्ली या स्थानकास लागतो, आणि त्या डिचपल्लीस १९१५ सालीं कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय उभारलें तें याच पंथाच्या माणसांनीं. तेव्हां जिचें एक टोंक आमच्याच रुळांपर्यंत येऊन पोंचलें आहे ती कथा मुळापासून पाहणें उचित होईल.

पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली हा १७०३ सालीं लिंकनशायर परगण्यांतील एपवर्थ या गांवीं जन्मला. बाप सॅम्युएल हा तेथील राजमान्य चर्चचा पाळक. आई सुझाना ही एकोणीस अपत्यांची माता असूनही वाचनांत व विचारांत कोणासही हार न जाणारी बाई होती. १७०९ सालीं त्यांच्या घरास आग लागली, तेव्हां पांच वर्षांचा जॉन माडीवर अडकला. शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या खांद्यावर चढून त्यास खिडकींतून बाहेर ओढलें. पुढें कांहीं वर्षांनीं बाप कामानिमित्त लंडनास राहिला असतां सुझाना रविवारीं सायंकाळीं स्वयंपाकघरांत मुलांस व नोकरमाणसांस छापील प्रवचनें वाचून दाखवूं लागली. नोकरांचे आईबाप आले, मग शेजारी आले, आणि होतां होतां दोनशें माणसें जमूं लागलीं. बदली पाळकास हें रुचलें नाहीं. त्यानें तक्रार लिहिली, व नवऱ्यानेंही हा प्रकार थांबविण्याविषयीं सुचविलें. सुझानेनें उत्तर पाठविलें तें मोठें मार्मिक होतें. नुसती इच्छा कळवूं नका, स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे इतक्या लोकांच्या कल्याणाची संधि दवडल्याचा जाब ईश्वरापुढें देण्याचें माझ्या माथीं येणार नाहीं, असा त्याचा आशय होता. आज्ञा आली नाहीं. मेथॉडिस्ट पंथाचें बीज कोठें पडलें असें कोणी विचारील, तर आम्ही या स्वयंपाकघराकडे बोट दाखवूं.

जॉनचें शिक्षण ऑक्सफर्ड येथें झालें, व १७२६ सालीं तो तेथील लिंकन कॉलेजाचा फेलो झाला. त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स यानें १७२९ च्या सुमारास कांहीं विद्यार्थी जमवून एक लहानसें मंडळ चालू केलें. ठरल्या वेळीं उठणें, ठरल्या वेळीं अध्ययन व प्रार्थना, ठरलेले उपवास, आणि तुरुंगांतील कैद्यांच्या भेटी, असा त्यांचा नेम असे. पुढें जॉन त्याचा पुढारी झाला. हा नियमितपणा पाहून सोबत्यांनीं त्यांस चेष्टेनें 'मेथॉडिस्ट', म्हणजे पद्धतवाले, असें नांव ठेविलें. थट्टेचें नांव पुढें अभिमानानें मिरवावयाचें, हा इतिहासाचा नेहमींचाच विनोद आहे.

परंतु नेमानें मनास शांति लाभली नाहीं. १७३५ सालीं वेस्ली अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत धर्मोपदेशक म्हणून गेला. वाटेंत समुद्रावर वादळ झालें, तेव्हां बाकीचे प्रवासी किंकाळ्या फोडीत असतां मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक बायकामुलांसह शांतपणें भजन करीत राहिले. तें दृश्य त्याच्या मनावरून पुसलें गेलें नाहीं. वसाहतींतील त्याचें काम फसलें, व १७३८ च्या आरंभीं तो खिन्न होऊन परतला. त्याच वर्षाच्या मे महिन्याच्या २४ व्या तारखेस लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहान सभेंत ल्यूथरच्या एका प्रस्तावनेचें वाचन चाललें असतां त्याच्या हृदयांत एकाएकीं ऊब दाटली, व आपल्या पापांची क्षमा झाली अशी त्याची खात्री पटली. अशा अनुभवाचें मोल बाहेरच्यानें ठरवावयाचें नसतें. इतिहासानें इतकेंच पाहावें, कीं त्या दिवसानंतर हा पस्तिशीस टेकलेला पंडित पन्नासांहून अधिक वर्षें थांबला नाहीं.

त्या काळच्या इंग्लंडची स्थिति येथें सांगितली पाहिजे. राजमान्य चर्चची व्यवस्था पॅरिशांवर चाले. पॅरिश म्हणजे एका पाळकाच्या हवालीं केलेलें गांव व त्याचा शिवार. ही वांटणी मध्ययुगांतली होती. पुढें कोळशाच्या खाणी, कापडाचे व लोखंडाचे धंदे यांच्याभोंवतीं नवी वस्ती वाढली, पण देवळें व पाळक जुन्याच ठिकाणीं राहिले. ब्रिस्टलजवळच्या किंग्सवुड येथील खाणवाल्यांची अशीच उपेक्षा झाली होती. जॉर्ज व्हाइटफील्ड हा ग्लॉस्टरच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा वेस्लीच्या ऑक्सफर्डच्या मंडळांतलाच. त्यानें १७३९ च्या फेब्रुवारींत या लोकांपुढें उघड्या माळावर प्रवचन केलें. प्रथम दोनशें माणसें होतीं. थोड्याच आठवड्यांत ती संख्या हजारांवर गेली. कोळशानें काळ्या पडलेल्या त्यांच्या गालांवर आंसवांचे पांढरे ओघळ उमटलेले दिसत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

व्हाइटफील्डास पुढें अमेरिकेस जावयाचें होतें, म्हणून त्यानें वेस्लीस बोलावून घेतलें. वेस्ली पेंचांत पडला. प्रत्येक गोष्ट शिस्तीनें व शास्त्रानें करणारा तो मनुष्य. देवळाबाहेर प्रवचन करणें त्यास जवळजवळ पाप वाटे. अखेर २ एप्रिल १७३९ रोजीं ब्रिस्टलच्या वेशीबाहेर, विटांसाठीं माती काढावयाच्या एका जागीं, तो सुमारें तीन हजार लोकांपुढें उभा राहिला. बंडखोर म्हणून कोणाची गणना करावी तर त्याची करूं नये. पण बंड घडलें तें त्याच्याच हातून. पुढें १७४२ सालीं तो एपवर्थास गेला, तेव्हां बापाच्याच देवळांत त्यास बोलूं दिलें नाहीं. म्हणून त्यानें अंगणांतील बापाच्या थडग्यावर उभा राहून गांवास उपदेश केला.

उघड्यावरील प्रवचनानें माणसें जमतात, पण टिकत नाहींत. व्हाइटफील्ड वक्तृत्वांत वेस्लीहून कितीतरी श्रेष्ठ होता, परंतु टिकाऊ संघटना उभारली ती वेस्लीनें. त्या संघटनेचा उगम गंमतीचा आहे. ब्रिस्टल येथील सभागृहावर कर्ज झालें होतें. १७४२ सालीं फॉय नांवाच्या एका कप्तानानें सुचविलें, कीं प्रत्येक सभासदानें आठवड्यास एक पेनी द्यावी. बहुतेक सभासद गरीब आहेत, असा आक्षेप निघाला. तेव्हां तो म्हणाला, माझ्याकडे अकरा माणसें नेमून द्या. ज्यास देतां येणार नाहीं त्याची भर मी घालीन. इतरांनींही तसेंच पत्करिलें, व बारा बारा जणांचे गट पडले. त्यांस 'क्लास' म्हणत. गटाचा नायक पैसा मागावयास घरोघर जाऊं लागला, तेव्हां कोण आजारी आहे, कोण दारूस लागला आहे, कोणाच्या घरीं भांडण आहे, हें त्यास दिसूं लागलें. वेस्लीनें तें ऐकलें मात्र, आणि वसुलीच्या या युक्तींत त्यास अवघ्या पंथाचा पाया दिसला. पुढें हे गट आठवड्यास एकदां एकत्र बसूं लागले, आणि प्रत्येकजण आपल्या मनाची स्थिति सांगूं लागला. आमच्या वारींत लाखोंचा समुदाय असतो, पण वारकरी चालतो तो आपल्या दिंडीबरोबर. तोच हा प्रकार. एकट्याचा उत्साह चार दिवसांत निवतो. दहा माणसें दर आठवड्यास विचारपूस करूं लागलीं म्हणजे तो निवत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. गट वाढले, गांवें वाढलीं, आणि दीक्षा घेतलेले पाळक मिळेनात. लंडनच्या जुन्या तोफखान्यांत, म्हणजे 'फाउंडरी'च्या इमारतींत, वेस्लीचें ठाणें होतें. तो बाहेरगांवीं गेला असतां टॉमस मॅक्सफील्ड नांवाचा एक साधा सहायक तेथें प्रवचन करूं लागला. बातमी ऐकतांच वेस्ली संतापानें परतला. त्या वेळीं वृद्ध सुझाना तेथेंच राहत होती. तिनें मुलास बजाविलें, कीं त्याच्याविषयीं निवाडा करण्यापूर्वीं त्याचें ऐक; तुझ्याइतकीच त्यासही ईश्वराची हांक आलेली आहे. वेस्लीनें ऐकलें व मान तुकविली. एपवर्थच्या स्वयंपाकघरांत जें पेरलें गेलें होतें, त्यास फळ आलें तें असें.

मग उपदेशकांची रांगच लागली. त्यांत गवंडी होते, विणकर होते, चांभार होते, शिपाई होते. यॉर्कशायरांतील बर्स्टल गांवचा जॉन नेल्सन हा पाथरवट. लंडनास कामावर असतां त्यानें १७३९ सालीं वेस्लीचें प्रवचन ऐकलें व तो पालटला. गांवीं परतल्यावर दिवसां तो दगड घडवी आणि सायंकाळीं आपल्याच दारांत शेजाऱ्यांशीं बोले. १७४४ सालीं विरोधकांनीं त्यास सक्तीनें सैन्यांत भरती करविलें. ब्रॅडफर्ड येथें त्यास खाटीकखान्याखालच्या अंधारकोठडींत ठेविलें होतें; पुढें कांहीं महिन्यांनीं त्याची सुटका झाली. कॉर्नवॉलच्या दौऱ्यांत तो आणि वेस्ली सुमारें तीन आठवडे जमिनीवर निजले. वेस्लीच्या उशास नेल्सनचा अंगरखा असे व नेल्सनच्या उशास एक जाडजूड ग्रंथ. एके पहांटे वेस्लीनें त्यास थोपटून धीर दिला, कीं कातडें एकाच कुशीचें सोललें आहे, दुसरी कूस अजून शाबूत आहे! ऑक्सफर्डचा फेलो आणि यॉर्कशायरचा पाथरवट यांनीं एका फरशीवर निजावें, ही गोष्ट त्या जातिवंत उमरावशाहीच्या देशांत लहान नव्हती.

या लोकांचे हाल थोडे झाले नाहींत. १७४३ सालीं वेन्सबरी येथें जमावानें मेथॉडिस्टांचीं घरें फोडलीं आणि खुद्द वेस्लीस या गांवाहून त्या गांवास फरफटत नेलें. पुष्कळ ठिकाणीं मॅजिस्ट्रेट व पाळक यांचीच अशा जमावास फूस असे. तथापि वेस्लीनें अडाणीपणाचें कौतुक कधींच केलें नाहीं. उपदेशकांनीं रोज निदान पांच तास वाचावें, असा त्याचा नियम होता. ज्यास वाचनाची गोडी नाहीं त्यानें ती लावून घ्यावी, नाहींतर आपल्या जुन्या धंद्यास लागावें, असें तो स्पष्ट सांगे. त्यांच्यासाठीं त्यानें १७४९ ते १७५५ या काळांत पन्नास भागांची ग्रंथमाला छापून काढिली. अधिकार जन्मानें किंवा शिक्क्यानें येत नसेल, तर तो कष्टानें तरी मिळवावा लागतो, हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

पुस्तकें ज्यांस वाचतां येत नव्हतीं त्यांची सोय चार्ल्सनें केली. त्यानें सहा हजारांवर भक्तिगीतें रचिलीं. पंथाचें तत्त्वज्ञान खाणींत आणि मागावर पोंचलें तें या गीतांच्या द्वारें. अभंगानें महाराष्ट्रांत जें कार्य केलें त्याच्याशीं परिचित असलेल्या वाचकांस याहून अधिक सांगावयास नको.

स्त्रियांचा प्रश्नही लवकरच उभा राहिला. १७६१ सालीं सॅरा क्रॉस्बी डर्बी येथें गटाच्या बैठकीस गेली, तों तीस माणसांऐवजीं दोनशें जमलेलीं. एकेकाशीं बोलणें अशक्य झालें, म्हणून ती सर्वांस उद्देशून बोलली. वेस्लीनें तिला दोष दिला नाहीं. १७७१ सालीं मेरी बोझनकेट हिनें स्त्रियांच्या उपदेशाचें समर्थन करणारें पत्र त्यास लिहिलें, तेव्हां कांहीं स्त्रियांस ईश्वराची असाधारण हांक असूं शकते, हें त्यानें मान्य केलें.

वेस्लीचें आयुष्य एका विसंगतींत गेलें. मी राजमान्य चर्चचाच आहें, असें तो अखेरपर्यंत म्हणत राहिला. आणि त्याचें प्रत्येक पाऊल चर्चपासून दूर पडत गेलें. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तेथील मेथॉडिस्टांस पाळक उरले नाहींत. तेव्हां १७८४ सालीं त्यानें स्वतःच्या हातानें दोघांस दीक्षा दिली व टॉमस कोक यास तेथील अधीक्षक नेमिलें. बिशपावांचून दीक्षा देणें म्हणजे चर्चच्या दृष्टीनें मर्यादाभंगच होता. चार्ल्सला त्याचें अत्यंत दुःख झालें. २ मार्च १७९१ रोजीं वयाच्या ८७ व्या वर्षीं वेस्ली वारला. त्या वेळीं ब्रिटिश बेटांत त्याचे सत्तर हजारांवर सभासद होते. १७९५ पर्यंत फाटाफूट जवळजवळ पुरी झाली.

यापुढचा भाग आम्हांस विशेष विचार करण्याजोगा वाटतो. वेस्लीस जाऊन बारा वर्षें झालीं नाहींत तोंच, १८०३ सालीं, पंथाच्या परिषदेनें स्त्रियांच्या उपदेशावर निर्बंध घातला. १८०७ सालीं मो कॉप टेंकडीवर ह्यू बोर्न नांवाच्या सुतारानें व त्याच्या सोबत्यांनीं उघड्यावर दिवसभर भजनसभा भरविली, तेव्हां परिषदेनें तिचा निषेध केला, आणि पुढें बोर्नास पंथाबाहेर काढिलें. त्यानें व विल्यम क्लाउझ या कुंभारकाम करणाऱ्यानें मिळून 'प्रिमिटिव्ह' म्हणजे आद्य मेथॉडिस्ट शाखा काढिली. तींत स्त्रियांसही उपदेशाची मुभा होती. माळावर जन्मलेल्या पंथानें साठ-सत्तर वर्षांत माळावर उभें राहणारांस हांकून द्यावें, यापरतें नवल कोणतें? या फुटलेल्या शाखा पुन्हा एक व्हावयास १९३२ साल उजाडावें लागलें.

परंतु बोलावयास शिकलेला मनुष्य पुन्हा मुका होत नाहीं. सभा चालविणें, हिशेब ठेवणें, चारचौघांत आपलें म्हणणें मांडणें, हें सारें मजुरांनीं क्लासांत शिकून घेतलें होतें. १८३४ सालीं टॉलपडल गांवच्या सहा शेतमजुरांस संघ स्थापिल्याबद्दल ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केलें. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथॉडिस्ट उपदेशकच होता. या पंथामुळें इंग्लंडांत फ्रान्ससारखी राज्यक्रांति झाली नाहीं, असें एली हालेव्ही या फ्रेंच इतिहासकाराचें मत, उलट ई. पी. टॉम्सन यानें १९६३ सालीं लिहिलें, कीं त्यानें मजुरास गिरणीच्या शिस्तीस जुंपलें. दोन्ही मतांत तथ्य असूं शकेल. ज्या वर्गांत माणूस शिस्त शिकतो, त्याच वर्गांत तो बोलावयासही शिकतो.

आमच्या देशाशीं या पंथाचा संबंध जडला तो एका मृत्यूनें. वर सांगितलेला टॉमस कोक सासष्टाव्या वर्षीं, बराचसा स्वतःच्या खर्चानें, कांहीं तरुण सोबती घेऊन सिलोनास निघाला. ३ मे १८१४ रोजीं सकाळीं तो जहाजांतील आपल्या खोलींत मरून पडलेला आढळला, व त्यास हिंदी महासागरांत समाधि मिळाली. पैशाचा सर्व व्यवहार त्याच्याच नांवें असल्यामुळें सोबती जवळजवळ निराधार होऊन मुंबईस उतरले. गव्हर्नर सर एव्हन नेपियन यानें त्यांस आश्रय दिला व एका व्यापाऱ्यानें पैसा पुरविला. तेथून ते सिलोनास गेले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यास पंथाचा पाय लागला, पण ठरला नाहीं.

तो ठरला १८७१ सालीं. विल्यम टेलर हा अमेरिकन उपदेशक सोन्याच्या शोधाच्या धामधुमींत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर प्रवचनें करून तयार झालेला. त्यानें मुंबईंत वेस्लीच्याच धर्तीवर घरोघर क्लास स्थापिले. परदेशच्या मंडळाकडून पैसा घ्यावयाचा नाहीं, येथील सभासदांनींच आपला खर्च चालवावा, हें त्याचें मुख्य तत्त्व. पुण्यासही काम चालू झालें. १८७३ च्या सुमारास पुण्याच्या अशाच एका सभेंत ओल्डम नांवाचा तरुण सरकारी मोजणीदार पंथाकडे वळला; त्यानें पुढें १८८५ सालीं सिंगापूर येथें पंथाचें काम उभें केलें. टेलरचे अनुयायी बहुशः इंग्रजी बोलणारे होते. स्वावलंबन साधलें, पण मराठी साधली नाहीं.

मराठी साधली होती जॉर्ज बोवेन यास. तो १८४८ सालीं मुंबईस आला, आणि लवकरच पगार सोडून बाजारांतल्या एका साध्या खोलींत राहूं लागला. चाळीस वर्षें तो स्वदेशीं परतला नाहीं. रस्त्यावर मराठींतून बोलणें आणि 'बॉम्बे गार्डियन' पत्र चालविणें हा त्याचा क्रम. टेलर आल्यावर तोही मेथॉडिस्टांस मिळाला. १८८८ सालीं तो वारला, तेव्हां हिंदू व पारशी लोकांसही आपला माणूस गेल्यासारखें वाटलें. तथापि त्याच्या उपदेशानें धर्मांतर केलेलीं माणसें फारच थोडीं. गीतांचें जें काम इंग्लंडांत चार्ल्स वेस्लीनें केलें तें मराठी ख्रिस्ती समाजांत घडलें तें नारायण वामन टिळकांच्या हातून, आणि ते मेथॉडिस्ट नव्हते. १८९५ सालीं ख्रिस्ती झालेले टिळक अमेरिकन मराठी मिशनचे. पण तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत, आणि अभंग-ओव्यांतच त्यांची वाणी मोकळी होई. १९१७ सालीं त्यांनींही मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. उसन्या भाषेंत कोणाचेंही हृदय ऊबत नाहीं, हाच त्याचा अर्थ.

आणि जेथें भाषेपेक्षां हातांनीं बोलणें अधिक लागतें तेथें या पंथाचें काम निःसंशय मोठें ठरलें. डिचपल्लीस डॉक्टर इझाबेल केर व तिचा पति जॉर्ज केर यांनीं ज्या रोग्यांस गांवानें वेशीबाहेर टाकिलें होतें त्यांसाठीं घरें व औषधोपचार यांची सोय केली. त्या कामास निजामाबादेच्या नरसा गौड या हिंदू गृहस्थानें सढळ देणगी दिली. वेस्लियन शाखेच्या त्या बाजूच्या मंडळ्या १९४७ सालीं दक्षिण हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्यें मिळून गेल्या. टेलरच्या परंपरेंतील चर्च १९८१ सालीं हिंदुस्थानांतील स्वतंत्र चर्च झालें.

त्याच लोहमार्गावर, मुदखेडहून डिचपल्लीच्या अलीकडे, उमरीजवळ गोरटें हें गांव आहे. पोलिसांतील शिपाईगिरी सोडून कीर्तनास उभे राहिलेले दासगणू महाराज यांचें नांव त्या गांवाशीं कायमचें जडलें आहे. त्यांचा आणि बर्स्टलच्या पाथरवटाचा धर्म निराळा, भाषा निराळी, देवाचें नांवही निराळें. परंतु उभें राहण्याची परवानगी दोघांपैकीं कोणीही कोणत्याही कचेरींत मागितली नव्हती. ज्या पंथास आपला पहिला उपदेशक कोण होता याचें स्मरण राहतें, तो नव्या उपदेशकास दाराबाहेर उभा करीत नाहीं; आणि हें स्मरण ज्याचें सुटलें, त्याच्या भिंती कितीही भक्कम असल्या तरी आंतील माणसें हळूहळू माळाकडे निघून जातात. इंग्लंडचें राजमान्य चर्च हें १७३९ सालीं शिकलें, आणि मेथॉडिस्ट पंथ स्वतः १८०७ सालीं. आमच्याकडील देवळांस, मठांस आणि फडांस हा धडा परक्यांच्या इतिहासांतून फुकट मिळण्यासारखा आहे.